पापुद्र्याची राखण

खंडेनवमीला परभणी जिल्ह्यात ज्या दारात गाडी उभी असते, ती धुतल्याशिवाय राहत नाही. ट्रॅक्टर, मोटारसायकल, जीप, कार, सगळ्यांच्या अंगावर पाणी पडतं, मग हळद-कुंकू लागतं, मग झेंडूची माळ चढते. धुऊन-पुसून उन्हात उभी केलेली एमएच २२ची गाडी लांबून लख्ख दिसते. पण तिच्या बॉनेटवरून किंवा टपावरून तळहात हलकेच फिरवला, तर पुष्कळदा बारीक खरखर लागते, परातीत सांडलेल्या रव्यावरून हात गेल्यासारखी. ही खरखर धुण्याने गेलेली नसते आणि पुन्हा शाम्पू लावला तरी जात नाही. गॅरेजात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: रबिंग-पॉलिश करून घ्या. हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचं आहे, असं माझं म्हणणं आहे. ती खरखर रंगाची नसते, रंगावर घट्ट बसलेल्या परक्या कणांची असते. आणि ते कण उचलून काढायला क्ले बार नावाचा, मळलेल्या कणकेसारखा एक मऊ गोळा पुरतो. रबिंगनेही खरखर जाते, पण जाताना गाडीच्या रंगाचं थोडं आयुष्य सोबत घेऊन जाते. ऊन, धूळ आणि बोअरचं जड पाणी या तिन्हींचा मारा सोसणाऱ्या जिल्ह्यात हा व्यवहार तोट्याचा आहे.

केसाहून बारीक

कारखान्यातून निघालेल्या आजच्या गाडीचा रंग एका थराचा नसतो. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते, मग विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर बसवला जातो, त्यावर प्रायमर, त्यावर आपण ज्याला रंग म्हणतो तो बेसकोट, आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक क्लिअरकोट. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. सर्वांत वरचा क्लिअरकोट बहुधा ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही बारीक. पण गाडीची चमक त्याचीच असते आणि खालच्या रंगाला उन्हापासून वाचवण्याचं कामही तोच करतो. त्यात अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्यं मिसळलेली असतात. मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेववत नाही, तेव्हा त्या गाडीचा रंग या एका पापुद्र्याच्या भरवशावर टिकून असतो.

शेतकऱ्याला हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. जमीन कितीही खोल असली तरी पीक उभं राहतं ते वरच्या वीत-दोन वीत मातीच्या जोरावर. ती माती पावसाने वाहून गेली की परत यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही, म्हणून तर बांधबंदिस्ती करायची. क्लिअरकोटची गत त्याहून कठीण आहे. तो परत तयार होतच नाही. मेण लावा, सिरॅमिक कोटिंग करा, ते सगळं त्याच्या वरचं पांघरूण. मूळ थर गेला तो गेला. पुढे उरतो तो डेंटिंग-पेंटिंगवाल्याचा फवारा, आणि तो कारखान्यातल्या रंगाची बरोबरी सहसा करत नाही, कारण कारखान्यात रंग सुमारे १४० अंशांच्या भट्टीत भाजला जातो. पूर्ण बांधलेल्या गाडीला तेवढी आच देता येत नाही. तिच्यातलं प्लास्टिक, वायरिंग आणि रबर खराब होईल.

आता रबिंग म्हणजे काय, ते पाहू. कंपाउंडमध्ये बारीक घर्षक पूड असते. लोकरीच्या किंवा स्पंजच्या पॅडवर ते घेऊन मशीन फिरवलं, की पृष्ठभाग तासला जातो. उंचवटे तासले जातात, त्यांच्या भोवतीचा सपाट क्लिअरकोटही तासला जातो. एका जोरदार रबिंगमध्ये काही मायक्रॉन जातात आणि कडांवर, म्हणजे दरवाजाच्या धारेवर किंवा बॉनेटच्या घडीवर, त्याहून जास्त जातात, कारण तिथे रंग मुळातच पातळ असतो आणि पॅडचा दाब एकवटतो. ओरखडे खरोखर पडले असतील, रंग मळकट पांढरा झाला असेल, तर रबिंगला पर्याय नाही. तो त्याचा मान आहे. पण दर दिवाळीला, गाडी खरखरीत लागते एवढ्याच कारणावर रबिंग करून घेणं म्हणजे शेतात चार दगड आहेत म्हणून वरची वीतभर माती खरवडून टाकण्यासारखं आहे. दगड वेचता येतात. क्ले बार हे वेचण्याचं अवजार आहे.

खरखर कशाची?

परभणीतल्या गाडीवर काय काय बसतं, याची नीट मोजदाद केली की हे अवजार इथे का लागतं ते कळतं. पहिलं लोखंड. गाडीचेच ब्रेक लागतात तेव्हा डिस्क आणि पॅड यांचा भुगा उडतो, त्यातले गरम कण रंगात रुततात, आणि दमट हवेत गंजून नारिंगी ठिपके बनतात. पांढऱ्या गाडीच्या मागच्या भागावर, चाकांच्या मागे, हे ठिपके सहज दिसतात. जगभरच्या रंगकामात या लोखंडी कणांना रेल्वेची धूळ म्हणायची चाल आहे, कारण रेल्वेची चाकं, रूळ आणि ब्रेक यांच्या घासण्यातून हाच भुगा निघतो, आणि मालगाडीने वाहून नेलेल्या नव्याकोऱ्या गाड्यांवर तो आधी लक्षात आला. परभणी हे जंक्शन आहे आणि जिल्ह्यातलं पूर्णा तर रेल्वेमुळेच ओळखलं जाणारं गाव. रुळांना लागून ज्यांची घरं, दुकानं आणि पार्किंग आहेत, त्यांच्या गाड्यांवर असा भुगा बसणं साहजिकच आहे. भारतात आता नव्या गाड्याही मोठ्या संख्येने रेल्वेने पाठवल्या जातात. म्हणजे शोरूममधून बाहेर पडणारी गाडी कोरीच असेल, असं धरून चालता येत नाही.

दुसरं डांबर. कल्याण-निर्मल हा ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पाथरी, मानवत आणि परभणीवरून पुढे नांदेडकडे जातो. अशा रस्त्याचं काम निघालं, ताजं डांबर पडलं, की दाराच्या खालच्या पट्ट्यावर काळे थेंब बसतात. तिसरा चिकटा. कापसावर मावा आणि तुडतुडे पडले की पानं चिकट होतात, त्याला शेतकरी चिकटा म्हणतो. आंब्याला मोहोर येतो तेव्हा तुडतुडे तोच चिकट पाक गाळतात, आणि सावली बघून झाडाखाली लावलेल्या गाडीच्या टपावर त्याचे बारीक थेंब पडतात. ओले असताना ते पाण्याने जातात. दोन दिवस उन्हात तापले की त्यांचा लुकणासारखा थर होतो आणि त्यावर धूळ बसून तो दाणेदार बनतो. चौथी राख. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने या जिल्ह्यात ऊस आणला, उसाने साखर कारखाने आणले. गाळपाच्या दिवसांत बगॅसच्या राखेचे कण वाऱ्यावर येतात आणि पहाटेच्या दवाने गाडीला चिकटतात. पाचवं, दिवाळीच्या तोंडावरचं रंगकाम. गेटला, ग्रिलला स्प्रेने ऑइलपेंट मारला की उडालेला तुषार शेजारच्या गाडीवर बसतो, आणि तो कोणत्याही शाम्पूला दाद देत नाही. त्यात खरिपाच्या संध्याकाळी दिव्यांच्या उजेडावर झेपावून बंपरवर चिरडलेले किडेही धरायला हवेत.

आणि सहावं पाणी, ज्याने आपण गाडी स्वच्छ करतो असं समजतो तेच. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरमागे २०० मिलिग्रॅम कठीणपणा ग्राह्य धरला आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. समजा धुतल्यावर गाडीच्या अंगावर पाव लिटर पाणी तसंच वाळलं. ग्राह्य पाणी असेल तर मागे सुमारे ५० मिलिग्रॅम चुना उरतो. ६०० चं असेल तर १५० मिलिग्रॅम. दर आठवड्याला हे घडलं, तर वर्षभरात ते क्षार टपावर आणि काचेवर पांढऱ्या कड्यांच्या रूपाने साचत जातात. त्यामुळे पुसून कोरडी न केलेली गाडी धुण्याने एका अर्थी मळत असते.

काळी आधी, क्ले नंतर

या यादीत काळ्या मातीचं नाव आलेलं नाही, आणि ते मुद्दामच. परभणीची काळी ही दख्खनच्या काळ्या पाषाणातून, म्हणजे बेसाल्टमधून, तयार झालेली जमीन. तिच्यात चिकणमातीचं प्रमाण फार मोठं, आणि त्या चिकणमातीतली खनिजं पाणी पिऊन फुगणारी. म्हणून पावसाळ्यात ती चपलेला, बैलाच्या खुराला आणि मडगार्डला सोडत नाही, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती त्या भेगांतून खाली पडते, पावसात जमीन फुगली की खालची वर येते; ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, असं मृदाशास्त्र सांगतं. गाडीच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, ही माती रंगात रुतत नाही, रंगावर बसते. पाण्यात भिजली की सुटते. दोन, तिच्यातली निव्वळ चिकणमाती मऊ असली, तरी तिच्यासोबत बेसाल्टचा चुरा आणि गारगोटीचे कण असतात. गारगोटी ही सिलिकाची जात, काचेवर ओरखडा काढणारी. क्लिअरकोट तर तिच्यापुढे लोण्यासारखा.

म्हणून वाळलेला चिखल कोरड्या फडक्याने झटकणं ही गाडीच्या रंगावरची सर्वांत मोठी आपत्ती आहे, आणि न धुतलेल्या गाडीवर क्ले फिरवणं ही त्याच्या खालोखाल. शेतात पाय कधी टाकायचा याला वाफसा म्हणतात. ओली काळी तुडवली तर ढेकळं होतात, कोरडी नांगरायला गेलं तर फाळ लागत नाही. गाडीलाही असा वाफसा असतो. आधी भरपूर ओली करायची, चिखलाला भिजून सुटायला वेळ द्यायचा, वरून खाली पाणी सोडून तो वाहून जाऊ द्यायचा, आणि मग शाम्पूच्या पाण्याने, मऊ मायक्रोफायबरने, वरून खाली येत धुवायचं. टप आधी, चाकांजवळचा भाग शेवटी. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. फडकं प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचं. हे एवढं झाल्यावर जे उरतं, तेच क्लेचं काम.

क्ले या नावाने मात्र मोठा घोटाळा करून ठेवला आहे. क्ले म्हणजे चिकणमाती हे खरं, पण या वडीत शेतातली माती नसते. पॉलिब्युटीनसारखं लवचिक, चिकट रेझिन आणि त्यात अगदी बारीक घर्षक कण, अशी तिची घडण आहे. ही युक्ती जपानची. तादाओ कोदाते यांना १९९५ आणि १९९८ मध्ये तिचे अमेरिकी पेटंट मिळाले, आणि तिथे तिला लवचिक सहाणेचा प्रकार म्हणून मांडलं आहे. ही कल्पना समजून घेण्यासारखी आहे. कडक सहाण सपाटीलाही घासते आणि उंचवट्यालाही. लवचिक सहाणेखाली पाण्याचा निसरडा थर ठेवला, तर ती सपाटीवरून तरंगत जाते आणि फक्त वर आलेल्या कणाला अडते. त्या कणाला ती झिजवते, ओढते आणि स्वतःच्या चिकटपणात गिळून टाकते. रबिंग आणि क्ले यांच्यातला सगळा फरक या एका वाक्यात आला: रबिंग सगळ्याला तासतं, क्ले उभं राहिलेल्याला पकडतं.

तळहाताखाली

प्रत्यक्ष काम बघितलं की हे पटतं. गाडी धुऊन सावलीत उभी असते, पत्रा हाताला थंड लागतो. शंभर ग्रॅमच्या वडीचा चौथा हिस्सा तोडून तळहातावर पोळीच्या लाटीसारखा चपटा करायचा. थंडीच्या सकाळी तो कडक असेल तर कोमट पाण्यात मिनिटभर ठेवायचा. बॉनेटचा हातभर लांब-रुंद भाग घ्यायचा, त्यावर वंगण, म्हणजे त्यासाठी मिळणारा स्प्रे किंवा शाम्पूचं पातळ पाणी, सढळ फवारायचं, लाटीलाही फवारायचं. मग चार बोटांखाली ती ठेवून, नुसत्या बोटांच्या वजनाने, सरळ रेषेत पुढे-मागे सरकवायची. गोल फिरवायची नाही. सुरुवातीला लाटी अडखळते, कर्र असा बारीक आवाज येतो, बोटांना कंप जाणवतो. आठ-दहा फेऱ्यांत आवाज मंदावतो, मग थांबतो, आणि लाटी ओल्या काचेवरून जावी तशी निसटायला लागते. तो भाग झाला. लाटी उलटी करून पाहिली, तर मघाशी स्वच्छ असलेल्या पृष्ठभागावर तपकिरी-करडा पट्टा उमटलेला असतो. गाडी डोळ्याला स्वच्छ दिसत होती, तरीही. तो पट्टा आत घडी घालून, मळून, स्वच्छ बाजू बाहेर काढायची आणि पुढच्या भागाकडे वळायचं.

या कामात दोन नियम मोडले तर पश्चात्ताप ठरलेला. वंगण कमी पडू द्यायचं नाही. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते लवकर वाळतं, म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, एका वेळी लहान भाग घ्यायचा. आणि लाटी जमिनीवर पडली तर ती टाकून द्यायची. धुऊन, वरचा थर कापून, काहीही करून ती परत वापरायची नाही. परभणीच्या अंगणातली धूळ काय असते ते वर आलंच आहे. त्यातला गारगोटीचा एक कण लाटीत रुतला, तर पुढच्या प्रत्येक फेरीला तो टोकदार खिळ्याचं काम करील. चार तुकडे करून वापरायचं तेही याचसाठी. एक पडला तरी तीन शाबूत राहतात.

क्ले कधी करायचं, याचं उत्तर कॅलेंडर देत नाही. परभणीत कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, आणि आधी माती परीक्षण, मग खताची मात्रा हा कृषिशास्त्राचा धडा इथल्या शेतकऱ्याने अनेकदा ऐकला आहे. गाडीचं परीक्षण त्याहून सोपं. धुऊन कोरड्या केलेल्या गाडीवर, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून तळवा फिरवायचा. पिशवीमुळे बोटांचा ओलावा आणि चिकटपणा आड येत नाही आणि प्रत्येक कण ठळक लागतो. हात गुळगुळीत गेला, तर क्लेची गरज नाही, मग शेवटचं क्ले वर्षापूर्वीचं असो वा दोन वर्षांपूर्वीचं. खरखर लागली, तर जिथे लागली तिथेच करायचं. बहुतेक वेळा टप, बॉनेट आणि मागची डिक्की एवढ्यात काम भागतं, कारण कण वरून पडतात. दारं पुष्कळदा स्वच्छच निघतात.

आक्षेप आणि त्यांची उत्तरं

या मांडणीवर पहिला आक्षेप पाण्याचा आणि पैशाचा येईल, आणि तो हलका नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ही आठवण मराठवाड्यात अजून ताजी आहे. टँकरची वाट पाहणाऱ्या भागात गाडीच्या गुळगुळीतपणाची चर्चा शोभते का? पण इथे पाण्याचा हिशेबच क्लेच्या बाजूने जातो. नळाला पाइप लावून गाडी धुतली, तर मिनिटाला १० ते १५ लिटर पाणी जातं. दहा मिनिटांत शंभर-दीडशे लिटर. दोन बादल्यांच्या पद्धतीत आधीच्या भिजवण्यासकट त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात काम होतं, आणि क्लेला वंगण म्हणून लागतं ते लिटर-दोन लिटर. शिवाय खरखरीत रंग घाण धरून ठेवतो. गुळगुळीत, मेण लावलेल्या रंगावरून धूळ थोड्या पाण्यात सुटते. टंचाईच्या उन्हाळ्यात गाडी धुऊच नये, हेही मान्य. क्लेची खरी वेळ पावसाळा संपून हवा कोरडी होते तेव्हाची, म्हणजे दसरा-दिवाळीची. पैशाचं म्हणाल, तर एक वडी काही गाड्यांना पुरते. आणि इथली गाडी फक्त हौसेची नसते. भाड्याची जीप, रुग्णाला नांदेड-संभाजीनगरला नेणारी कार, मुलीच्या लग्नासाठी विकावी लागणारी कार, यांची विक्रीची किंमत ठरवताना गिऱ्हाईक आधी टपावरचे सुटलेले पापुद्रे पाहतो. दरवर्षीचं रबिंग ते पापुद्रे सुटण्याचा दिवस जवळ आणतं.

दुसरा आक्षेप जाणकारांचा: क्लेनेही रंगावर बारीक रेघा पडतात. हे खरं आहे, आणि लपवण्यात अर्थ नाही. क्लेमध्ये घर्षक असतोच. मऊ रंगावर, विशेषतः गडद काळ्या किंवा निळ्या रंगावर, कडक प्रतीचा क्ले वापरला, तर उन्हात कोनातून पाहिल्यावर धुरकट पट्टा दिसू शकतो. म्हणून सौम्य प्रतीपासून सुरुवात करायची, आणि शेवटी हलकं पॉलिश करावं लागलं तर त्याची तयारी ठेवायची. पण तुलना कशाशी करायची ते विसरू नये. क्लेच्या धुरकटपणाची खोली आणि लोकरीच्या पॅडच्या रबिंगची खोली यांची बरोबरी होत नाही. आणि कण तसेच ठेवून पॉलिशिंग केलं, तर तेच कण पॅडमध्ये अडकून रंगभर फिरतात, हा धोका तर सर्वांत मोठा. पॉलिश करायचंच असेल, तरी क्ले आधी हवा.

तिसरा आक्षेप नव्या रसायनांचा. लोखंड विरघळवणारे स्प्रे आता मिळतात. त्यातलं थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावतं आणि पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. हात न लावता कण निघत असतील तर घासायचं कशाला? तत्त्व योग्यच आहे, आणि ज्यांना तो स्प्रे मिळतो त्यांनी तो क्लेच्या आधी जरूर वापरावा, म्हणजे क्लेला कमी झटावं लागेल. डांबराच्या थेंबांसाठीही त्याचं वेगळं द्रावण वापरावं. पण लोखंडाचा स्प्रे फक्त लोखंड ओळखतो. वाळलेला चिकटा, ऑइलपेंटचा तुषार, दवाने बसलेली राख, यांना त्याचं काही नाही. परभणीच्या यादीत लोखंड सहापैकी एक होतं. क्षारांच्या बाबतीत मात्र क्लेच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. वरवर बसलेला चुना तो काढतो. पातळ व्हिनेगरने तो आणखी सहज जातो. पण उन्हात तापून क्लिअरकोटमध्ये खड्डा पाडून बसलेला डाग क्लेने जात नाही, कारण तिथे काढायला वर काहीच उरलेलं नसतं. तीच गोष्ट पक्ष्याच्या विष्ठेने कोरलेल्या खुणेची आणि खिळ्याने मारलेल्या रेघेची. क्लेने ओरखडे जातात असं जो सांगेल, तो एकतर चुकतो आहे किंवा विकतो आहे. घाईत फरशीचं ॲसिड लावून क्षार घालवू पाहणं तर रंग आणि क्रोम दोन्ही गमावण्याचा मार्ग.

चौथा आक्षेप असा की, सिरॅमिक कोटिंग केलं की या सगळ्या कटकटी संपतात. पण कोटिंग पृष्ठभागाला जसा आहे तसा पकडतं. खाली कण असतील, तर ते वर्षानुवर्षांसाठी आत बंद होतात, आणि कोटिंगची पकडही तिथेच कच्ची राहते. म्हणून कोटिंग करणाऱ्या कारागिराला विचारायचा पहिला प्रश्न हमी किती वर्षांची हा नसावा. आधी क्ले करणार का, हा असावा. आणि कोटिंग झाल्यावर क्ले टाळावा, कारण तो कोटिंगलाही झिजवतो. क्लेने रंगावरचं जुनं मेणही निघून जातं. त्यामुळे क्ले करून गाडी उघडी सोडणं म्हणजे निंदणी करून पीक ऊन-वाऱ्यावर सोडून देणं. त्याच दिवशी मेण किंवा सीलंट लावायलाच हवं. अपघातानंतर नुकताच फवारलेला रंग, मॅट रंग आणि विनाइलचे स्टिकर यांच्या वाटेला क्लेने जाऊ नये. ताज्या रंगाला तर पूर्ण सुकायला काही आठवडे लागतात, तोवर फक्त पाणी.

राहिला गॅरेजवाल्यांचा मुद्दा, आणि त्यांच्यावर दोष ढकलून सुटका नाही. रबिंगला तासाभराचं काम दिसतं, मशीनचा आवाज होतो, गिऱ्हाईकाला लगेच चमक दिसते. क्ले शांत काम आहे. तो झाल्यावर गाडी पाहून काहीच कळत नाही, हात लावल्यावर कळतं. चमकेसाठी पैसे मोजायची सवय लागलेल्या गिऱ्हाईकाला गुळगुळीतपणाचं मोल सांगणं कारागिराला जड जातं. म्हणून बदल गिऱ्हाईकाकडून सुरू व्हायला हवा. वॉशिंग सेंटरवर गाडी दिली तर तोंडाने सांगावं: धुऊन झाल्यावर मला हात फिरवून बघू द्या, मग काय करायचं ते ठरवू. ज्या कारागिराने आयुष्यभर पत्र्याला हात लावून वळण ओळखलं, त्याला ही भाषा चटकन कळते, आणि अवजार हातात दिलं तर तो ते आपल्याहून चांगलं चालवतो.

अनेक पिढ्या शेती केलेल्या माणसाला मशागत कधी थांबवायची हेही ठाऊक असतं. एक पाळी जास्त घातली म्हणून पीक जास्त येत नाही. ओलावा उडतो, माती सैल होऊन वाहते. गाडीच्या त्या केसाहून बारीक पापुद्र्याला हाच न्याय लावावा. धुणं नेमाने, पुसून कोरडं करणं प्रत्येक वेळी, क्ले हाताला खरखर लागेल तेव्हाच, आणि रबिंग अगदी नाइलाज झाला तर. येत्या खंडेनवमीला गाडी धुऊन झाली की हळद-कुंकू लावण्याआधी एकदा पिशवीत हात घालून बॉनेटवरून तळवा फिरवून पाहावा. पुढे काय करायचं आणि काय करायचं नाही, ते तिथेच कळेल.